मणक्यातली वाळवी : पाठदुखी थांबते, तरी टीबीच्या गोळ्या वर्षभर का?

मणक्याच्या टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की साधारण दोन महिन्यांत माणसाला फरक जाणवतो. संध्याकाळचा बारीक ताप जातो, तोंडाला चव येते, कूस बदलताना निघणारी कळ कमी होते. आणि नेमके तेव्हाच डॉक्टर सांगतात, "अजून दहा महिने तरी गोळ्या चालू ठेवायच्या." इथून घरात कुरकुर सुरू होते. दुखत नाही, तर औषध कशाला? गोळ्या उष्ण पडतात, लघवी लाल होते, औषध आणायला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते.

त्याआधीचा प्रश्न आणखी चक्रावणारा असतो. खोकला नाही, बेडका नाही, छातीचा फोटो स्वच्छ. मग टीबी, आणि तोही पाठीत, झालाच कसा?

जळगाव-धुळ्याकडे पाठ दुखण्याचे कोणाला नवल वाटत नाही. रावेर-यावलच्या मळ्यांत केळीचे घड वाहणारे मजूर, जळगावच्या दालमिलमधले हमाल, दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाया, दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडणारी जोडपी, सगळ्यांचीच पाठ दुखते. हा आजार लपतो तो याच गर्दीत. आधी लचक भरली असे समजून मालिश होते, मग शेक, कोणी बिब्बा घालते, मग कंबरेचा पट्टा येतो, मग कोणीतरी "मणक्यात गॅप आहे" असे सांगते. यात सहा महिने सहज जातात. पाय लुळे पडू लागल्यावर घरचे हादरतात आणि मोठ्या दवाखान्याची वाट धरतात.

जंतू पाठीत पोचतो कसा

टीबीचा जंतू शरीरात शिरतो तो जवळजवळ नेहमी श्वासावाटे, म्हणजे फुप्फुसातूनच. खोकणाऱ्या रुग्णाच्या तोंडातून उडालेले सूक्ष्म तुषार कोणाच्या तरी छातीत जातात. बहुतेकांचे शरीर या जंतूंना तिथेच कोंडून ठेवते. आजार होतच नाही. पण कोंडले जाण्याआधी काही जंतू रक्तात उतरतात आणि जिथे रक्ताचा पुरवठा भरपूर आहे अशा जागी जाऊन बसतात. मणक्याचा पुढचा जाड ठोकळा ही तशीच जागा आहे. तो आतून जाळीदार, रक्ताने भरलेला असतो.

तिथे जंतू वर्षानुवर्षे गप्प राहू शकतात. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, दारू, वाढते वय किंवा दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड यांनी प्रतिकारशक्ती ढासळली की ते डोके वर काढतात. तोवर फुप्फुसातली मूळची जखम भरूनही आलेली असते. म्हणून छातीचा फोटो स्वच्छ येतो आणि थुंकीच्या तपासणीत काही सापडत नाही. टीबी नखे आणि केस सोडून कुठेही होऊ शकतो असे डॉक्टर म्हणतात ते उगीच नाही. हाडा-सांध्यांच्या टीबीचे जेवढे रुग्ण असतात, त्यांतल्या सुमारे निम्म्यांचा आजार मणक्यात असतो.

यातून एक दिलासाही मिळतो, आणि तो घरच्यांना स्पष्ट सांगायला हवा. फक्त मणक्यात टीबी असलेल्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होत नाही, कारण त्याच्या खोकल्यात जंतूच नसतात. फुप्फुसातही आजार नाही ना, एवढे एकदा तपासले की झाले. त्याचे ताट-वाटी वेगळे करणे, सुनेला माहेरी पाठवणे, हे सारे बिनकामाचे आणि क्रूर आहे.

खांब पुढून पोखरला जातो

खान्देशातली जुनी धाब्याची घरे आठवा. वर मातीचे जड छत, खाली त्याचा भार पेलणारे लाकडी खांब. अशा एखाद्या खांबाला वाळवी लागली तर बरेच दिवस बाहेरून काही दिसत नाही. आतून लाकूड भुसभुशीत होत जाते. एका बाजूनेच पोखरला गेला तर खांब त्या बाजूला बसतो आणि छत तिकडे कलते.

मणक्याचेही असेच होते. प्रत्येक मणक्याला पुढे भार पेलणारा ठोकळा असतो, मागे कमान असते, आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूकडून पायांकडे जाणारा नसांचा जाड दोर, खाली उतरतो. टीबी बहुधा पुढचा ठोकळा खातो. मागची कमान शाबूत राहते. पुढची बाजू ढासळली, मागची उभीच राहिली, की कणा पुढे वाकतो आणि पाठीवर टेंगूळ वर येते. छातीच्या भागातला कणा मुळातच थोडा पुढे झुकलेला असतो, त्यामुळे तिथे कुबड लवकर दिसते. कंबरेच्या भागात ते कमी जाणवते.

आणखी एक खूण. शेजारच्या दोन मणक्यांना रक्त पुरवणारी धमनी एकच असते. तिच्या फांद्या वरच्या मणक्याच्या खालच्या कडेला आणि खालच्या मणक्याच्या वरच्या कडेला जातात. म्हणून आजार बहुधा लागून असलेल्या दोन मणक्यांना एकदम धरतो. मधल्या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात आणि टीबीच्या जंतूकडे ती झटपट विरघळवणारे रसही नाहीत. त्यामुळे गादी सुरुवातीला बरीच टिकते. पू करणाऱ्या इतर जंतूंच्या संसर्गात ती लवकर नष्ट होते. एमआरआय पाहणारे डॉक्टर या फरकाकडे बारकाईने पाहतात.

या आजाराला जगभर 'पॉट्स डिसीज' म्हणतात, ते लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांच्या नावावरून. पाठीचा बाक आणि पायांतली ताकद जाणे यांचा संबंध त्यांनी 1779 मध्ये मांडला. जंतूचा शोध त्यानंतर शंभरेक वर्षांनी लागला. रॉबर्ट कॉख यांनी तो 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. आजार मात्र या दोघांपेक्षा फार जुना. इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या ममींच्या कण्यांतही त्याच्या खुणा सापडल्या आहेत.

थंड गळू

साधे गळू लाल होते, तापते, ठणकते. टीबीच्या गळवाला यातले काहीच नसते. हात लावला तर ते गार लागते, म्हणूनच ते थंड गळू. मणक्यातून निघालेला पू वाट मिळेल तसा खाली सरकतो. कंबरेच्या मणक्यातला पू आतल्या एका लांब स्नायूच्या आवरणातून उतरून जांघेत किंवा मांडीवर गाठ म्हणून प्रकट होतो. मानेच्या मणक्यातला पू घशामागे साठून गिळायला त्रास देतो. जांघेतली गाठ दाखवायला आलेल्या माणसाच्या पाठीचा एक्स-रे काढायला डॉक्टर का सांगतात, याचे उत्तर इथे आहे. अशी गाठ शेकून, पोटीस बांधून किंवा घरी फोडून घेऊ नये. फोडलेली जागा महिनोन्महिने वाहत राहते आणि तिच्यातून दुसरे जंतू आत शिरतात.

हाच पू मागच्या पोकळीत शिरला तर मज्जारज्जूवर दाब येतो. पायांतली ताकद कमी होण्याची सुरुवात अनेकदा अगदी किरकोळ गोष्टीने होते. चालताना पायातली चप्पल निसटते आणि माणसाला ते कळतही नाही. मग पाय कडक वाटू लागतात, अंधारात तोल जातो, जिना उतरताना भीती वाटते. शेवटी लघवीवरचा ताबा सुटतो. छातीच्या भागात मज्जारज्जूभोवतीची पोकळी अरुंद असते, त्यामुळे अर्धांगाचा, म्हणजे दोन्ही पाय लुळे पडण्याचा, धोका तिथे सर्वांत जास्त.

आजार चालू असतानाचे अर्धांग हे बहुतेक पू, सूज आणि मेलेल्या पेशींच्या दाबामुळे असते. दाब वेळेत उतरला तर पाय परत येण्याची चांगली आशा असते. टीबी बरा होऊन कित्येक वर्षे झाल्यावर, वाकलेल्या कण्याच्या हाडाची कड घासून येणारे अर्धांग मात्र हट्टी असते. ऑपरेशन करूनही त्यात यश कमी मिळते. म्हणून लवकर निदानाला इथे जे मोल आहे, ते नंतरच्या कुठल्याही महागड्या उपचाराला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

निदान : फोटोवर थांबू नये

साधा एक्स-रे उपयोगी आहे, पण उशिरा बोलतो. हाडाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग झिजल्याशिवाय त्यात बदल नीट दिसत नाही. एमआरआय मात्र सूज, पू आणि मज्जारज्जूवरचा दाब सुरुवातीलाच दाखवतो. रक्ताचा ईएसआर वाढलेला असतो, पण तो कितीतरी आजारांत वाढतो. त्यावरून टीबी ठरवता येत नाही.

एमआरआय पाहूनच गोळ्या सुरू करण्याची पद्धत बरीच रूढ आहे. पण शक्य तिथे मणक्यातला नमुना घ्यावाच. सीटी स्कॅनच्या आधाराने सुई घालून पू किंवा हाडाचा तुकडा काढतात आणि त्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी करतात. जंतूची जनुकीय खूण शोधणाऱ्या या चाचण्या काही तासांत दोन गोष्टी सांगतात : टीबी आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल का. यांतले ट्रूनॅट यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेले आहे. ते लहानशा केंद्रातही चालते. नमुना कल्चरलाही पाठवतात, पण जंतू इतका संथ वाढतो की उत्तर यायला काही आठवडे लागतात. चाचणीत जंतू सापडला नाही म्हणजे टीबी नाहीच असेही नाही, कारण हाडात जंतूंची संख्या थोडी असते. अशा वेळी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, लक्षणांशी ताडून डॉक्टर ठरवतात.

खान्देशात आणखी दोन शक्यता मनात ठेवाव्या लागतात. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि सिकलसेलमध्येही हाडे भयंकर दुखतात. सिकलसेलच्या माणसाची पाठ दुखतेय म्हणून सगळे त्याच्याच खाती टाकले, तर टीबी निसटू शकतो. दुसरी शक्यता ब्रुसेलोसिसची. जनावरांकडून, कच्च्या दुधातून येणारा हा संसर्ग मणक्यात टीबीसारखाच दिसतो, पण त्याची औषधे वेगळी. गोठा असलेल्या घरातल्या माणसाने डॉक्टरांना तसे आपणहून सांगावे. दूध उकळून प्यावे, हे तर टीबी आणि ब्रुसेलोसिस या दोन्ही आजारांसाठी खरे आहे.

गावोगावच्या 'कंबरेच्या पुड्यां'बद्दलही बोलले पाहिजे. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड मिसळलेले असते. दुखणे चार दिवस दबते, आणि जंतूंशी लढणारी शक्तीही दबते. टीबीचा संशय असताना लेव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके मेडिकलमधून मनाने घेणेही घातक. ती टीबीला अर्धवट दाबतात आणि निदान लांबवतात.

┌──────────────
चौकट : ही पाठदुखी अंगावर काढू नका
• तीन-चार आठवडे विश्रांती घेऊनही न थांबणारी, रात्री किंवा पडून राहिल्यावरही सलणारी पाठदुखी.
• सोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, भूक मरणे.
• कण्यावर एका जागी दाबले की कळ, किंवा नवे टेंगूळ.
• मान, जांघ किंवा मांडीवर न दुखणारी गाठ.
• चप्पल निसटणे, पाय कडक किंवा जड होणे, लघवी अडणे वा सुटणे. असे असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.
• घरात कोणाला पूर्वी टीबी झालेला असेल, तर डॉक्टरांना सांगायला विसरू नका.
└──────────────

चार औषधे, चार कामे

पोटातले ई-कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला एकदा विभागायला जवळपास एक दिवस लागतो. त्याच्याभोवती मेणचट जाड आवरण असते. आणि सगळ्यांत त्रासदायक गोष्ट म्हणजे त्यातले काही जंतू वाढणेच थांबवून पडून राहतात. बहुतेक प्रतिजैविके वाढणाऱ्या जंतूवर मारा करतात, निजलेल्यावर नाही. लांबलचक कोर्सचे मूळ इथे आहे.

म्हणून एका औषधाने भागत नाही. आयसोनियाझिड भराभर वाढणाऱ्या जंतूंना मारते. पहिल्या आठवड्यांतला आराम बराचसा त्यामुळे. रिफाम्पिसिन अधूनमधून जागे होणाऱ्यांनाही गाठते. पायराझिनामाइड सुजेच्या आम्ल वातावरणात दडलेल्यांवर काम करते. इथाम्बुटॉल हे मुख्यतः इतर औषधांना दाद न देणारे जंतू तयार होऊ नयेत म्हणून सोबत असते. सरकारी कार्यक्रमात ही औषधे एकत्र केलेल्या गोळ्या मिळतात आणि त्या वजनाप्रमाणे ठरतात : 35 ते 49 किलोच्या माणसाला रोज तीन, 50 ते 64 किलोच्या माणसाला चार. वजन वाढले की गोळ्यांची संख्याही बदलते, म्हणून दर महिन्याला वजन काट्यावर उभे राहणे हा औपचारिकपणा नव्हे.

भारतातल्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मणक्याच्या टीबीत पहिले दोन महिने चारही औषधे, आणि पुढे पायराझिनामाइड सोडून बाकीची तीन किमान दहा महिने, असा बारा महिन्यांचा उपचार असतो. गरज पडली तर तो अठरा महिन्यांपर्यंत वाढवतात.

लघवी, घाम, डोळ्यांतले पाणी केशरी-लाल होते ते रिफाम्पिसिनच्या रंगामुळे. ते रक्त नाही आणि उष्णताही नाही. याच औषधामुळे पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा असर कमी होतो, हे स्त्रियांना फार क्वचित सांगितले जाते. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून जीवनसत्त्व बी-6 ची गोळी देतात. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, नजर धूसर होणे किंवा रंग ओळखता न येणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कावीळ यकृतावरच्या ताणाची खूण असते, आणि या काळात दारू घेतली तर तो ताण कित्येक पटींनी वाढतो.

जंतू मरतात, हाड मागून भरते

आता सुरुवातीच्या कुरकुरीकडे येऊ. वाळवीचे औषध फवारले की वाळवी मरते, पण पोखरलेला खांब त्या दिवशी भरत नाही. मणक्यातही जंतू मरणे आणि हाड भरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांचा वेगही वेगळा आहे. दुखणे थांबते ते पू आणि सूज ओसरल्यामुळे. पोकळ झालेला ठोकळा तेव्हा तसाच असतो.

खांबाचे उदाहरण इथवरच चालते, कारण लाकूड मेलेले असते आणि हाड जिवंत. शरीर मेलेल्या पेशी हळूहळू उचलून नेते, त्या जागी आधी मऊ, धागेदार जोड तयार होतो, मग त्यात नवे हाड साकारते. बरेचदा दोन आजारी मणके एकमेकांत मिसळून एकच होतात. ही हाडाची घट्ट सांधणी म्हणजे बरे होण्याची सर्वांत भक्कम खूण. याला महिने लागतात, कधी वर्ष उलटते. कणा आधी वाकला असेल तर तो बाक मात्र औषधाने सरळ होत नाही. भरतो तो जसा आहे तसाच.

या काळात एमआरआय फसवतो. पहिल्या काही महिन्यांत जंतू मरत असतानाच गळू थोडे मोठे झालेलेही दिसू शकते, कारण मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर जोरात प्रतिक्रिया देते. त्यामुळे दोन महिन्यांच्या एमआरआयवरून औषध लागू पडत नाही असा घाईचा निष्कर्ष काढू नये. उलटपक्षी, वजन न वाढणे, दुखणे तसेच राहणे, नव्या जागी गळू येणे असे चार-पाच महिने चालले, तर औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचा विचार करून पुन्हा नमुना घ्यावा लागतो. त्याचा उपचार वेगळा आणि लांब.

खरे तर बारा महिन्यांबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. मद्रास, हाँगकाँग आणि कोरियात झालेल्या चाचण्यांत रिफाम्पिसिन असलेला सहा ते नऊ महिन्यांचा कोर्सही बहुसंख्य रुग्णांना पुरल्याचे दिसले. मग आपल्याकडे बारा का? मणक्याच्या आत काही जंतू उरलेत का, हे पाहायचा खात्रीचा मार्ग नाही. फुप्फुसाच्या रुग्णाची थुंकी तपासता येते, मणक्याची नाही. आणि इथे आजार उलटला तर त्याची किंमत पायांनी मोजावी लागते. ही सावधगिरी मला पटते. ज्या माणसाला पुन्हा तपासणीसाठी शिरपूरच्या डोंगरातून धुळ्याला यायचे आहे, त्याच्याबाबतीत तर अधिकच.

अमिताभ बच्चन यांना 2000 साली, 'कौन बनेगा करोडपती' सुरू होण्याच्या सुमारास, मणक्याचा टीबी असल्याचे कळले. त्यांनी स्वतःच हे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. खुर्चीत बसवत नसे, वेदनाशामक गोळ्या घेऊन चित्रीकरण चालायचे. वर्षभराचा उपचार पूर्ण करून ते बरे झाले. म्हणजे हा आजार झोपडी-बंगला पाहत नाही, आणि बरा होताना औषधेही तीच, वेळही तेवढाच.

ऑपरेशन आणि अंथरूण

औषधे येण्याआधी मणक्याचा टीबी म्हणजे वर्षानुवर्षे अंथरूण. युरोपात मुलांना प्लास्टरच्या साच्यात बांधून उन्हात ठेवत. 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, 1952 मध्ये आयसोनियाझिड, आणि चित्र पालटले. मग नवा वाद सुरू झाला : औषधे आहेत, तरी हाड खरवडून काढायचे का? हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी 1956 पासून पुढच्या बाजूने जाऊन सडलेला भाग काढण्याची आणि तिथे हाड बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. ती प्रभावी होती, पण तशी कसबी माणसे आणि सोयी किती गावांत होत्या?

दुसरी वाट बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉ. एस. एम. तुली यांनी दाखवली. 1975 मध्ये त्यांनी आपल्या 'मधल्या मार्गा'चे निष्कर्ष मांडले : सगळ्यांना आधी औषध, आणि ऑपरेशन फक्त ज्याला खरेच लागते त्याला. आज जगभर कमी-अधिक हीच रीत आहे. त्याच सुमारास कोरियात ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचण्यांतून दिसले की औषधे नियमित असतील, तर महिनोन्महिने रुग्णालयात झोपवून ठेवण्याचा किंवा प्लास्टरचे जाकीट घालण्याचा वेगळा फायदा होत नाही. त्याआधी 1959 मध्येच मद्रासच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या टीबीबाबत सिद्ध केले होते की घरी राहून, साधे जेवण जेवून औषध घेणारा रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. सातपुड्याच्या पाड्यावरचा माणूस आज आपल्या घरात राहून बरा होऊ शकतो, तो या कामाच्या जोरावर.

म्हणजे आता ऑपरेशन कोणाला? पायांतली ताकद झपाट्याने जात असेल, किंवा औषधे सुरू करून तीन-चार आठवडे झाले तरी सुधारणा नसेल त्याला. मणका इतका ढासळला असेल की कणा डळमळतोय, बाक खूप मोठा आहे, गळू फार मोठे आहे किंवा सुईने निदान होत नाही, त्याला. बाकीच्या बहुसंख्यांना गोळ्या, सुरुवातीची विश्रांती आणि काही महिने पाठीचा पट्टा पुरतो. ऑपरेशन झाले तरी गोळ्या तेवढ्याच घ्याव्या लागतात, कारण स्क्रू आणि सळ्या जंतू मारत नाहीत. सुरुवातीचे काही आठवडे ओझे उचलू नये, वाकून काम करू नये. पुढे दुखणे कमी होईल तसे चालणे वाढवावे.

लहान मुलांचा कणा

मुलांबाबत मात्र वेगळी सावधगिरी हवी. टीबीने खाल्लेला मणका पुढून वाढत नाही, मागची कमान वाढतच राहते. त्यामुळे आजार पूर्ण बरा झाल्यावरही, मूल उंच होत जाते तसतसा काहींचा बाक वाढत जातो. कोइंबतूरच्या डॉ. एस. राजशेखरन यांनी अशा मुलांचे एक्स-रे वर्षानुवर्षे पाहून, कोणाचा कणा पुढे कोसळेल हे आधीच सांगणाऱ्या चार खुणा शोधल्या. त्या दिसल्या तर बाक वाढायच्या आतच ऑपरेशन केलेले बरे. म्हणून लहानपणी मणक्याचा टीबी झालेल्या मुलाला वाढ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी दाखवले पाहिजे, गोळ्या कधीच संपलेल्या असल्या तरी.

मूल पाठ दुखते असे सांगत नाही. ते खेळणे टाळते, आणि रात्री गाढ झोपेत किंचाळून उठते. झोपेत पाठीचे स्नायू सैल पडले की आजारी मणका हलतो आणि कळ येते. जमिनीवरचे नाणे उचलायला सांगितले तर ते कमरेत वाकत नाही, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसते. एवढी पाहणी अंगणवाडीतही करता येते.

खान्देशात काय करावे

टीबीची तपासणी आणि औषध सरकारी व्यवस्थेत मोफत आहे. तालुक्याच्या रुग्णालयातून किंवा आशा ताईंमार्फत नोंद होते. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला 2018 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दोन्हीकडे हाडांचा विभाग आहे. ऑपरेशन ठरलेच तर महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत ते बसते का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. खासगी डॉक्टरांनीही टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणे 2012 पासून बंधनकारक आहे. त्यामुळे खासगीत उपचार घेणाऱ्यालाही निक्षय पोषण योजनेचे पैसे मिळू शकतात. 2018 मध्ये दरमहा 500 रुपयांनी सुरू झालेली ही मदत 1 नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये आहे आणि ती बँक खात्यात येते.

ते पैसे खरोखर खाण्यावर जावेत. भरणाऱ्या हाडाला प्रथिने लागतात. कळण्याची भाकरी, उडदाची दाळ, शेंगदाणे, दूध, अंडी, चालत असेल तर मटण-मासे, सगळे खावे. पथ्य म्हणून डाळी आणि अंडी बंद करणे हा उलटा कारभार आहे. केळी आपल्याकडे स्वस्त आणि भरपूर, पण तिच्यात प्रथिने अगदी थोडी, तेव्हा तिच्यावरच भिस्त ठेवू नये.

ऊसतोडीला किंवा सुरतेला कामाला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात कळवावे. प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक असतो, आणि त्या नोंदीच्या आधारे दुसऱ्या जिल्ह्यात किंवा गुजरातमध्येही औषध चालू ठेवता येते. मध्येच औषध सुटले असेल तर रागावतील म्हणून तोंड लपवू नका. पुन्हा जा, किती दिवस सुटले ते खरे सांगा. आणि गोळ्या कधी थांबवायच्या हे दुखणे थांबल्यावरून स्वतः ठरवू नका, डॉक्टरांना तपासून ठरवू द्या. शंका असेल तर निक्षयचा मोफत हेल्पलाइन क्रमांक 1800-11-6666 आहे.